आकडी आणि शेजारधर्म

ज्या विकाराचा प्रत्यक्ष अंमल रोग्याच्या देहावर बहुधा दोन-तीन मिनिटांहून अधिक टिकत नाही, त्याचे ओझे मात्र त्याला आणि त्याच्या घरच्यांना आयुष्यभर वाहावे लागावे, ही अपस्माराची खरी शोकांतिका आहे. आणि या ओझ्याचा मोठा हिस्सा आपण, म्हणजे रोग्याच्या आळीत, शाळेत, कचेरीत वावरणाऱ्या निरोगी माणसांनी, त्याच्या माथी मारलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी आकडी म्हणो, कोणी मिरगी, कोणी फेफरे, कोणी नुसते 'फिट'. नाव कोणतेही घेतले तरी आवाज दबकाच असतो. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 5 कोटी माणसांना हा विकार आहे, आणि योग्य औषध नियमित मिळाल्यास त्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत रोगी झटक्यांपासून मुक्त राहू शकतात.

सर्वांत जुना समज भूतबाधेचा. मेंदूतील पेशींचे परस्परांशी चालणारे व्यवहार अतिसूक्ष्म विद्युतप्रवाहांनी होतात, आणि त्यांपैकी काही पेशींनी एकाच वेळी बेसुमार प्रवाह सोडला की देहावरचा ताबा सुटतो. आकडी म्हणतात ती हीच. चरकसंहितेने अपस्मारास रोगांत गणून त्याची चिकित्सा सांगितली, ग्रीस देशात हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी या रोगात इतर रोगांहून अधिक दैवी असे काही नाही असा निर्वाळा दिला, याला दोन सहस्रांहून अधिक वर्षे लोटली. तरीही पहिल्या झटक्यानंतर दवाखान्याआधी देवऋषीचे दार ठोठावणारी कुटुंबे आजही आहेत. भूत उतरविण्याच्या मिषाने कोणास दोराने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राण भिजविलेले पाणी पाजणे ही कृत्ये महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविली आहेत, ही गोष्ट अशा घरांपर्यंत पोहोचविणे हे शेजाऱ्यांचे पहिले काम होय.

दुसरा समज अधिक सार्वत्रिक आहे, आणि सुशिक्षितांतही त्याचे ठाणे पक्के आहे. बसस्थानकावर एखादा इसम कोसळतो, हातपाय आचके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो, आणि भोवती जमलेल्या गर्दीतून कोणी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. थोड्या वेळाने झटका थांबतो आणि श्रेय कांद्याच्या पदरात पडते. परंतु बहुतेक झटके कोणी काहीही न करता एक ते तीन मिनिटांत आपोआप शमणारेच असतात. कांद्याने निदान इजा तरी होत नाही. दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा खुपसणे हे मात्र सरळसरळ घातक आहे, कारण त्याने दात मोडतात, मोडलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि जीभ गिळली जाईल ही जी भीती त्यामागे असते तीच मुळात निराधार आहे. जीभ गिळता येत नाही. चावली जाऊ शकते, पण चावलेली जीभ भरून येते.

मग करावे काय? रोग्याजवळच्या कठीण वा धारदार वस्तू दूर साराव्यात, डोक्याखाली घडी केलेला पंचा किंवा हाताशी असेल ते मऊ कापड ठेवावे, गळ्याशी आवळलेले बटण सोडावे, आचके थांबविण्यासाठी अंग दाबून धरू नये, आणि आचके ओसरताच त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाईल. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाण्याचा घोटही पाजू नये. घड्याळाकडे मात्र अवश्य पाहावे: आचके पाच मिनिटांवर लांबले, किंवा शुद्ध न येताच दुसरा झटका आला, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, गर्भवती स्त्री असेल, डोक्यास मार लागला असेल, किंवा झटका पाण्यात आला असेल, तरीही विलंब करू नये. आणि कोणी भ्रमणध्वनीवर त्या प्रसंगाचे चित्रण केलेच, तर ते समाजमाध्यमांवर न फिरविता रोग्याच्या नातलगांच्या स्वाधीन करावे, कारण स्वतः रोग्यास झटक्याची स्मृती नसते आणि डॉक्टरांना निदानासाठी अशा चित्रणाचा फार उपयोग होतो.

प्रत्येक झटक्यात माणूस कोसळतोच असेही नाही. वर्गात बसलेले मूल काही क्षण शून्यात पाहते, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि पुन्हा लिहू लागते. दिवसातून अनेकदा असे घडूनही शिक्षक त्याला बेफिकीर ठरवून शिक्षा करीत राहतात, आणि औषधाने सुधारू शकणारा विकार प्रगतिपुस्तकावर 'लक्ष नाही' या शेऱ्याखाली दडून राहतो.

'आमच्या घरात मांसाहार नाही, तेव्हा मेंदूत कृमी होण्याचा प्रश्नच नाही,' हे विधान मोठ्या विश्वासाने केले जाते. आपल्या देशात अपस्माराचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीच्या डिंभांनी मेंदूत केलेल्या गाठी. परंतु अर्धकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ही अंडी मानवी विष्ठेतून मातीत, पाण्यात, पालेभाजीवर, न धुतलेल्या हातांवर पोहोचतात. म्हणून मांसाला आयुष्यात न शिवलेला माणूसही याला बळी पडतो. गावची हागणदारी हटविणे, कोथिंबीर आणि मुळा स्वच्छ पाण्याने धुणे, स्वयंपाक करणाऱ्याने हात साबणाने धुणे या गोष्टी अपस्माराच्या प्रतिबंधातही मोडतात.

विवाहाच्या प्रश्नापाशी आल्यावर मन विषण्ण होते. हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने वेडाच्या जोडीला अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांनाही विवाहास बाधक ठरविण्यात आले होते. 1999 मध्ये संसदेने ती तरतूद काढून टाकली. कायदा सुधारला, परंतु वहिवाट तशीच राहिली. मुलीचे दुखणे लपवून तिचे लग्न लावायचे, सासरी कोणाला कळू नये म्हणून तिने गोळ्या लपवून घ्यायच्या, ते साधत नाही म्हणून त्या बंद करायच्या, आणि अकस्मात बंद केलेल्या गोळ्यांमुळेच पूर्वीपेक्षा भयंकर, कधी कधी जिवावर बेतणारे झटके यायचे, असा हा क्रम आहे. म्हणून लग्नाआधी दोन्ही घरांत उघड बोलणे झाले पाहिजे. अपस्मार हे वेड नव्हे, तो संसर्गजन्य नाही, आणि बहुसंख्य रोग्यांच्या मुलांना तो होत नाही. अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी अपत्ये होतात. मात्र व्हॅल्प्रोएटसारखे काही औषध गर्भास अपाय करू शकते, म्हणून गर्भधारणेचा विचार मनात येताच डॉक्टरांशी बोलून औषधात योग्य तो फेरफार करून घ्यावा, आपल्या मनाने गोळी सोडू नये.

आता जे उरते ते रोजच्या सोबतीचे. उघड्या चुलीपाशी, विहिरीच्या काठावर, शिडीवर, चालत्या यंत्राशेजारी झटका आला तर धोका रोगाचा नसून जागेचा असतो. तेव्हा झटके आटोक्यात येईपर्यंत चुलीचे काम जावेने पत्करावे, पाणी शेजारणीने शेंदावे, कारखान्यात मुकादमाने पाळीत फेरबदल करून सलग रात्रीचे जागरण टाळू द्यावे, कारण अपुरी झोप हे झटक्याला हमखास निमंत्रण असते. यांतील एकही गोष्ट खर्चिक नाही. औषधही सर्वथा महाग आहे असे नव्हे: 1912 पासून वापरात असलेले फिनोबार्बिटल आजही जगातील अत्यंत स्वस्त औषधांपैकी एक आहे. पण स्वस्त गोळीसुद्धा तालुक्याच्या गावीच मिळत असेल आणि पावसात ओढ्याला पूर आला असेल, तर ती घरात येणार कशी? आठवड्याच्या बाजाराला जाणाऱ्या शेजाऱ्याने निघण्यापूर्वी त्या घराशी थांबून 'गोळ्या किती दिवसांच्या उरल्या?' एवढे विचारावे, आणि पंधरा दिवसांहून कमी उरल्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घालून निघावे.