क्लब घडतो तो कचेरीत

फुटबॉल क्लबाची कचेरी धड चालली आहे की नाही, हे ओळखायची माझी कसोटी जुनी आहे. ती मी इतक्या वेळा मांडली आहे की माझ्या नेहमीच्या वाचकांना ती पाठ झाली असेल. संघ ओळीने चार सामने हरला, की त्या कचेरीत काय चालतं ते पाहावं. पहिल्या सोमवारी जी कामं सुरू होती तीच पाचव्या सोमवारीही सुरू असतील, म्हणजे स्काउटचे अहवाल वाचले जात असतील, पंधरा वर्षांखालच्या पोरांची बस वेळेवर सुटत असेल आणि पगार ठरल्या तारखेला निघत असतील, तर तो क्लब टिकणार. पाचव्या सोमवारी प्रशिक्षकाला नारळ दिला गेला असेल आणि एजंटांची रांग लागली असेल, तर करंडक जिंकूनही त्या क्लबाचं काही खरं नाही.

मैदानावरचा निकाल आठवड्याचा असतो. कचेरीचा निकाल पाच-सात वर्षांनी लागतो. या दोन वेळापत्रकांची गल्लत जिथे होत नाही, तिथे व्यवस्थापन आहे असं मी म्हणतो. बाकी सगळा खर्च.

मुंबईतल्या कंपन्या आणि बँकांच्या संघांच्या काळाबद्दल इथे लांबण लावत नाही. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, बँक ऑफ इंडिया, आरसीएफ ही नावं कूपरेज मैदानाच्या प्रेक्षकांना सांगायला नकोत. तिथे खेळाडूला नोकरी होती, पगार एक तारखेला होता आणि पाय गेला तरी टेबल-खुर्ची शाबूत होती. खेळाडूंच्या घरच्यांनी त्या व्यवस्थेला दुवा दिला, तो योग्यच होता. पण क्लब नावाची वस्तू तिथे नव्हती. क्रीडा खातं होतं, आणि खात्याचा साहेब बदलला की संघाचं नशीब बदलायचं. १८९१ पासूनची रोव्हर्स करंडक स्पर्धा २०००–०१ नंतर थांबली, तोवर यातले बहुतेक संघ विझत आले होते.

मुंबईत खरी क्लबाची कचेरी पहिल्यांदा उभी राहिली ती महिंद्राची. १९६२ साली कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेला हा संघ पुढे महिंद्रा युनायटेड झाला. त्याने १९९८, २००१ आणि २००८ मध्ये ड्युरँड करंडक, २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन करंडक जिंकला आणि २००५–०६ ची राष्ट्रीय लीगही. लीग जिंकली तेव्हा प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. आधी ते तिथेच सहायक होते. मुख्य जागा रिकामी झाली तेव्हा बाहेर जाहिरात द्यावी लागली नाही. उत्तराधिकारी घरातच तयार असणं हे चांगल्या कचेरीचं पहिलं लक्षण, आणि ते मुंबईने तेव्हा पाहिलं. युसिफ याकुबूसारखा घानाचा गोलमशीन पुढे आणि बाजूला मुंबईच्याच मैदानांवर वाढलेला स्टीव्हन डायस, अशी ती जुळणी होती. परदेशी खेळाडूच्या शेजारी घरचा पोरगा उभा करणं हे मैदानावर ठरत नाही, दोन वर्षं आधी कचेरीत ठरतं.

२०१० मध्ये महिंद्राने संघ बंद केला आणि शालेय फुटबॉलवर लक्ष देणार असल्याचं सांगितलं. शालेय फुटबॉलला माझा विरोध असणं शक्यच नाही, उभा जन्म मी त्याचीच वकिली केली. पण वरचा संघ मिटवून खालची शाळा चालवली, तर शाळेतल्या पोराने बघायचं कुणाकडे? हा प्रश्न मी तेव्हा विचारला होता, आजही विचारतो.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे, गोव्याच्या धेंपोकडे. थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण धेंपोचं नाव निघालं की आपली मंडळी पाच विजेतेपदं मोजतात आणि पुढे जातात. २००४–०५ आणि २००६–०७ ची राष्ट्रीय लीग, मग तिच्या जागी आलेली आय-लीग २००७–०८, २००९–१० आणि २०११–१२ मध्ये. आठ हंगामांत पाच वेळा देशाचं अजिंक्यपद. शिवाय २००८ मध्ये एएफसी करंडकाची उपांत्य फेरी. हे झालं कसं, ते कुणी विचारत नाही.

झालं ते धीरामुळे. आर्मांडो कुलासो यांनी २००० च्या सुमारास संघ हाती घेतला आणि २०१३ पर्यंत ते तिथे होते. त्या काळात कोलकात्यात प्रशिक्षकांची ये-जा किती व्हायची, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. धेंपोने एकाच माणसावर भरवसा ठेवला. वाईट हंगाम त्यांनाही आले. २००५–०६ मध्ये अजिंक्यपद गेलं, २००८–०९ आणि २०१०–११ मध्येही गेलं. प्रत्येक वेळी पुढच्या हंगामात तीच माणसं मैदानात उतरली आणि करंडक परत घेऊन आली. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा ही गोव्याची पोरं वर्षानुवर्षं एकत्र खेळली. रांती मार्टिन्सने २०११–१२ च्या एका हंगामात ३२ गोल केले. लोक ३२ हा आकडा लक्षात ठेवतात. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की हा नायजेरियन खेळाडू २००४ पासून त्याच क्लबात होता. परदेशी खेळाडूला आठ वर्षं गोव्यात नांदावंसं वाटलं, याचं श्रेय मी कचेरीला देतो. करार वेळेवर वाढवला गेला, पैसे वेळेवर मिळाले, बेटोसारख्या ब्राझीलच्या खेळाडूशी त्याची जोडी बरीच वर्षं टिकवली गेली.

धेंपोच्या याच काळात एक काळा दिवसही आहे. डिसेंबर २००४ मध्ये बंगळुरूला फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझीलच्या खेळाडूने दोन गोल केले. दुसऱ्या गोलच्या वेळी गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला, तो उठलाच नाही. रुग्णवाहिका कुठे उभी आहे आणि मैदानावर डॉक्टर कोण आहे हे सामन्याआधी विचारणं कचेरीचं काम आहे. हे आपल्या फुटबॉलला त्या दिवशी फार मोठी किंमत मोजून कळलं.

धेंपोच्या व्यवस्थेचा खरा पुरावा करंडकांच्या कपाटात नाही, पुढच्या पिढीत आहे. महेश गवळी भारतीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. क्लिफर्ड मिरांडाने हंगामाच्या अखेरीला ओडिशाचा संघ हाती घेतला आणि २०२३ चा सुपर करंडक जिंकून दिला. समीर नाईकने धेंपोलाच पुन्हा आय-लीगमध्ये आणलं. एकाच ड्रेसिंग रूममधून इतके प्रशिक्षक निघाले. जिथे खेळाडूला दहा वर्षं एकच विचार ऐकायला मिळतो, तिथेच हे घडतं. दर हंगामाला नवा प्रशिक्षक आणि नवा झेंडा असेल, तर खेळाडू फक्त बूट सांभाळायला शिकतो. जुन्या गोव्याजवळ एला इथे धेंपोने अकॅडमी उभारली तीही याच हिशोबाने.

गोव्याच्याच साळगावकरांनी १९९८–९९ ची राष्ट्रीय लीग आणि २०१०–११ ची आय-लीग जिंकली, चर्चिल ब्रदर्सने २००८–०९ आणि २०१२–१३ ची. तेही क्लब मोठे, त्यांच्या चाहत्यांनी रागावू नये. पण कचेरीचा धडा शिकायचा तर मी धेंपोकडेच बोट दाखवीन.

पुण्याचं नाव घेताना जीव तुटतो. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. वर चढल्यावर आय-लीगच्या पहिल्याच हंगामात, २००९–१० मध्ये, संघ तिसरा आला. २०१२–१३ मध्ये दुसरा. तेव्हा प्रशिक्षक पुन्हा डेरिक परेरा, महिंद्रात शिकलेली शिस्त घेऊन आलेले. पण माझ्या लेखी पुण्याचा खरा पराक्रम मामुर्डीच्या अकॅडमीत होता. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन तिथे घडला आणि पुढे भारताकडून खेळला. केरळातलं पोर फुटबॉल शिकायला पुण्यात येतं, हे दृश्य महाराष्ट्राने त्याआधी कधी पाहिलं होतं? २०१५ मध्ये क्लब मिटला. अकॅडमी एफसी पुणे सिटीकडे गेली, २०१९ मध्ये तोही मिटला. मधल्या काळात २०१७ मध्ये डीएसके शिवाजियन्स गेला, मुंबई एफसीही गेला. दहा वर्षांच्या आत मुंबई-पुण्याने पाच व्यावसायिक क्लब गमावले, आणि त्यावर मराठीत धड चार लेखही आले नाहीत.

इथे आमच्यातल्या काही अभ्यासू मित्रांशी माझं भांडण आहे. ते म्हणतात, अकॅडमी ही जुन्या लोकांची भावुकता, आता डेटाचा जमाना. पुरावा म्हणून ते इंग्लंडच्या ब्रेंटफर्डचं उदाहरण देतात. मॅथ्यू बेनहॅम यांनी २०१२ मध्ये क्लब घेतला, २०१६ मध्ये अकॅडमी बंद केली, आकडेमोडीच्या जोरावर खेळाडू हेरले आणि २०२१ मध्ये प्रीमियर लीग गाठली. ओली वॉटकिन्सला एक्झेटरसारख्या छोट्या क्लबातून २०१७ मध्ये आणलं आणि २०२० मध्ये अॅस्टन व्हिलाला २ कोटी ८० लाख पौंडांना विकलं. सगळं खरं. पण अकॅडमी का बंद केली, हे मित्र सांगत नाहीत. लंडनचे बडे क्लब ब्रेंटफर्डने वाढवलेली पोरं सोळाव्या वर्षी जवळजवळ फुकटात उचलून न्यायचे. म्हणून त्यांनी मोठ्या क्लबांनी सोडलेली सतरा ते एकवीस वयाची पोरं घेऊन दुसरा संघ उभा केला. म्हणजे ते शेजाऱ्यांच्या अकॅडमीवर जगले. आपल्याकडे असा शेजारी आहे कुठे? जिथे कुणीच पेरत नाही, तिथे वेचायचं काय? आणि प्रीमियर लीगमध्ये आल्यावर ब्रेंटफर्डनेही अकॅडमी पुन्हा सुरू केली, हेही नोंदवून ठेवा.

आकड्यांशी माझं वैर नाही. लिव्हरपूलने क्रीडा संचालक मायकल एडवर्ड्स आणि संशोधक इयान ग्रॅहम यांच्या भरवशावर सालाह, व्हॅन डाइक, अॅलिसन ही खरेदी केली, ती अचूक ठरली. पण तिथेही कामाला आली ती शिस्त. कुणाचा शब्द कुठे संपतो आणि कुणाचा सुरू होतो, हे ठरलेलं होतं. ब्रायटनचंही तेच. २०२२ च्या सप्टेंबरात चेल्सीने त्यांचा प्रशिक्षक ग्रॅहम पॉटर पळवला, आणि काही दिवसांत रोबेर्तो दे झेर्बी येऊन बसले. ही घाई नव्हती. नाव आधीच यादीत होतं.

मुंबई सिटीबद्दल मी कडवट लिहितो असा आरोप माझ्यावर होतो. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, पुढच्या वर्षी गोव्यातून प्रशिक्षक लोबेरा आणि त्यांच्यापाठोपाठ फॉल, जाहू, बुमूस, मंदार राव देसाई आणले आणि २०२०–२१ मध्ये इंडियन सुपर लीगची (आयएसएल) शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. तयार घर उचलून आणण्याचं मला कौतुक नव्हतं, आजही नाही. पण पुढचं श्रेय देतो. लोबेरा गेले, डेस बकिंगहॅम आले आणि २०२२–२३ ची शील्ड आली. बकिंगहॅम भर हंगामात ऑक्सफर्डला गेले, पेत्र क्रात्की आले आणि मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३–१ हरवून करंडक आला. तीन प्रशिक्षक, एकच पद्धत. ही कचेरीची किमया.

जर्सीचं अनावरण, मॅस्कॉट, सिनेतारका यांवर मी शब्द खर्च करणार नाही. त्यापेक्षा कागदांबद्दल बोलू. एएफसीच्या क्लब परवान्याला पाच अंगं आहेत: खेळ, सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदा आणि अर्थ. आपले कितीतरी क्लब दरवर्षी त्यात अडकतात आणि सवलत मागून सुटतात. पगार थकला, तक्रार फिफाकडे गेली, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली, ही बातमी आता नेहमीचीच. फिफाचा नियम सांगतो की आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या रकमेतले ५ टक्के बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना वाटावेत. पण गावातल्या क्लबाकडे त्या पोराच्या नोंदणीचा कागद हवा ना! कूपरेजच्या दिवसांत एका संघाचे मॅनेजर मी पाहिले होते. त्यांच्या वहीत प्रत्येक पोराची शाळा, जन्मदाखला, वडिलांची नोकरी, दुखापती, सगळं सुवाच्य अक्षरात असे. आजच्या कचेऱ्यांत संगणक आहेत, सीईओ आहेत, पण तेवढी माहिती विचारली तर मिळत नाही.

२०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा राष्ट्रीय महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध करत आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो तर दुसऱ्या श्रेणीतून पुन्हा वर चढून आला होता. त्यांच्या जाण्याने खाली ढकलला गेलेला ऐझॉल एफसी परत वर घेतला गेला. मुंबई एफसीतून गेलेल्या खालिद जमीलला त्यांनी प्रशिक्षक केलं, आणि २०१६–१७ ची आय-लीग मिझोरामला गेली. पैशांपेक्षा मोठी गोष्ट असते, योग्य माणूस ओळखून त्याला काम करू देणं. मुंबईने ते केलं नाही, ऐझॉलने केलं. तोच खालिद २०२५ मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला.

त्याच २०२५ च्या जुलैत महासंघ आणि लीगच्या चालकांमधला करार संपत आला असताना आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवला गेला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीसारख्या नीटनेटक्या क्लबाने पगार थांबवले. पहिल्याच हंगामात, २०१३–१४ मध्ये, आय-लीग जिंकणारा आणि २०१६ मध्ये एएफसी करंडकाच्या अंतिम फेरीत पोचणारा हा क्लब. घर नीट असून छप्पर दुसऱ्याच्या हाती असलं की असं होतं. त्याच सुमारास बंगळुरूचीच घडी बसवायला ज्यांनी मदत केली होती ते मराठी गृहस्थ मंदार ताम्हाणे यांच्या नॉर्थईस्ट युनायटेडने सलग दुसरा ड्युरँड करंडक जिंकला. चांगला व्यवस्थापक कुठेही गेला तरी कामाची पद्धत बरोबर नेतो.

कोल्हापुरात पेठा-तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम भरतं, अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळतो. तरी राष्ट्रीय लीगच्या वरच्या श्रेणीत कोल्हापूरचा क्लब नाही. प्रेक्षक आहेत, खेळाडू आहेत, ईर्षा तर भरपूर. नाही ती कचेरी. उद्या कुणी उद्योगपती महाराष्ट्रात नवा क्लब काढील, तेव्हा पत्रकार परिषदेत स्पेनहून कोण येणार हे विचारू नका. पंधरा वर्षांखालच्या संघाचा प्रशिक्षक कोण, त्याचा करार किती वर्षांचा, मुख्य प्रशिक्षक उद्या गेला तर जागा कोण घेणार आणि पुढच्या तीन वर्षांचे पगार कुठल्या खात्यात जमा आहेत, हे विचारा. उत्तरं मिळाली तर त्या क्लबाचं तिकीट काढायला मी पहिला उभा राहीन. मिळाली नाहीत, तर करंडक आला तरी टाळ्या वाजवू नका. दहा वर्षांत पाच क्लब गमावलेल्या महाराष्ट्राला एवढं विचारायचा हक्क आहे.