शिलकेतली वीस मिनिटे

कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावर वसई-दिवा मार्गावरील गाडीची प्रतीक्षा करीत उभे राहिले असता, खाली मध्य रेल्वेच्या लोकल धावताना आणि खाडीच्या बाजूस उच्चदाब वीजवाहिन्यांचे मनोरे दिसतात. अशाच वाहिन्या दुर्गम दऱ्याडोंगरांतून न्यावयाच्या असल्या, म्हणजे तारा ओढण्यासाठी वा त्यांची पाहणी करण्यासाठी हेलिकॉप्टरची तजवीज करावी लागते. एकाच जागी तरंगत राहणे हे या यंत्राचे वैशिष्ट्य खरे, परंतु संथ गतीने पुढे जाण्यापेक्षा तरंगण्यातच इंजिनाची शक्ती अधिक खर्ची पडते.

तशात ओझे उचलावयाचे, तर इंधन कमी घ्यावे असा मोह होतो. कारण टाकीतला प्रत्येक किलो दोराखालच्या ओझ्यातून वजा होतो. दृष्टिनियमांनी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहत, उडणाऱ्या हेलिकॉप्टरने इच्छित स्थळी पोहोचल्यावरही वीस मिनिटे उडता येईल एवढे इंधन राखावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तासाला शंभर लिटर पिणाऱ्या लहान यंत्राच्या बाबतीत ही शिल्लक सुमारे 33 लिटर, म्हणजे जेमतेम 27 किलो. आणि दुर्दैवाने एवढ्यावरच कित्येकांचा डोळा असतो!

इंजिन बंद पडले तरी खालून येणाऱ्या हवेने पाती फिरत ठेवून उतरता येते, हे खरे. पण त्यासाठी हाताशी उंची वा वेग हवा, आणि तारांजवळ तरंगणाऱ्या वैमानिकापाशी बहुधा दोन्ही नसतात. तारांचा धोका महाराष्ट्राने 25 मे 2017 रोजी निलंग्यास पाहिला. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच तारांत अडकून कोसळले, सुदैवाने सारे बचावले. तार निदान दिसण्याचा संभव असतो. इंधनाची तूट मात्र केवळ काट्यावर आणि दिव्यावर दिसते.

त्या दिव्याची कथा ग्लासगोची आहे. 29 नोव्हेंबर 2013 च्या रात्री पोलिसांचे हेलिकॉप्टर क्लुथा नावाच्या मद्यगृहावर कोसळून दहा जण दगावले. इंधन कमी असल्याचा इशारा पाच वेळा मिळाला होता, वैमानिकाने त्याची दखलही घेतली होती, आणि दिवा लागताच दहा मिनिटांत उतरावे असा नियम होता. इंजिनांना पुरवठा करणाऱ्या लहान टाक्यांत इंधन ढकलणारे पंप बंद राहिले होते. दोन्ही इंजिने थांबली, तेव्हा मुख्य टाकीत 76 किलो इंधन शिल्लक होते.