संगणक चालतोय, मग खर्च कशाला?

ऊस नोंदीला आलेले सभासद आम्हांस विचारतात, "संगणक चालतोय की, मग नव्या प्रणालीवर पैसा कशाला?" प्रश्न रास्त आहे, पैसा सभासदांचाच.

विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. संगणक बंद पडत नाही. पण कुंपणाला पडलेलं भगदाड कोणी बुजवीत नाही.

त्यानं काय होतं, ते नवी मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरात जून २०१७ मध्ये दिसलं. 'नॉटपेट्या' या घातक प्रोग्रॅमनं मर्स्क कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले. तिथल्या एका टर्मिनलचं काम अडलं. तो शिरण्याची एक वाट बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. (दुसरी वाट चोरलेल्या पासवर्डची, तिला नुसती नवी प्रणाली पुरत नाही.)

ऐन गाळपात आपला वजनकाटा असा अडला, तर गाडीतला ऊस वाळून वजन घटणार ते सभासदाचंच.

आमच्या मते, विंडोज १० वरील सक्षम यंत्रांना विंडोज ११ मोफत मिळते, तिथे चालढकल नको. काट्यावरची व ऊसबिलाची जुनी यंत्रं मात्र पैसे घालून बदलावीत. नुसत्या टंकलेखनाला सी-डॅकची मोफत 'बॉस' प्रणाली चालेल. रोजच्या नोंदींची प्रत संगणकापासून सोडवलेल्या डिस्कवर ठेवावी, आणि सभासदांनी वजनाची पावती बिल मिळेपर्यंत जपावी.