लातूरचा वकील आणि 'इमरोज'चा संपादक

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड-लातुरात झेंडावंदन होतं, हैदराबादच्या निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सशस्त्र रझाकारांच्या गोष्टी निघतात. शोएबुल्ला खान हे नाव मात्र क्वचितच कुणी घेतं. चीड येते! हैदराबादचा हा तरुण पत्रकार 'रय्यत' या वृत्तपत्रात लिहायचा. निजाम सरकारने ते बंद पाडलं. मग नोव्हेंबर १९४७मध्ये त्याने उर्दू 'इमरोज' काढलं. संस्थान भारतात विलीन करा, असं त्यात उघड लिहायचा. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, म्हणजे आपल्याच लातूरचा वकील. विरोधात उठणारे हात छाटू, अशी त्याची जाहीर धमकी.

२१ ऑगस्ट १९४८च्या मध्यरात्री काम आटोपून घरी निघालेल्या शोएबुल्लांना मारेकऱ्यांनी गाठलं. गोळ्या घातल्या, हातही तोडला. सोबतच्या मेहुण्यालाही सोडलं नाही. हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईला तेव्हा जेमतेम तीन आठवडे उरले होते.