वाढत्या कण्यावरची शस्त्रक्रिया

गर्भाच्या कण्याची घडण फार लवकर उरकते. मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते आणि मणक्यांचा साचा दुसरा महिना संपेपर्यंत ठरून जातो. पाळी चुकल्याची खात्री होऊन दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत यातले बरेचसे झालेले असते. नळी एखाद्या जागी उघडी राहिली तर ‘स्पायना बिफिडा’, म्हणजे दुभंगलेला कणा. एखादा मणका अर्धाच घडला किंवा शेजारचे मणके एका बाजूने चिकटून राहिले, तर पाठीला जन्मजात बाक. दोन्हींवर शस्त्रक्रिया आहे. पण पहिलीत हिशेब तासांचा, दुसरीत वर्षांचा.

उघड्या स्पायना बिफिडात बाळाच्या कमरेवर पातळ आवरणाची पिशवी दिसते. कधी ती फुटून पाणी पाझरत असते. तिला तेल, हळद, पावडर काहीही लावायचे नाही. सलाइनमध्ये भिजवलेली निर्जंतुक गॉज वर ठेवायची आणि बाळाला पालथे किंवा कुशीवर ठेवूनच पुढे न्यायचे. ही जागा पहिल्या दोन-तीन दिवसांत बंद करतात. सर्जन मज्जारज्जूची उघडी पडलेली चपटी पट्टी भोवतालच्या कातडीपासून सोडवतो, तिची पुन्हा नळी करून कण्याच्या पन्हळीत बसवतो आणि वरचे थर एकेक करून शिवतो. घरच्यांचा गैरसमज होतो तो इथे. या शस्त्रक्रियेने जंतुसंसर्ग टळतो, उरलेल्या नसा वाचतात. पायांतली गेलेली ताकद परत येत नाही.

पुष्कळ बाळांच्या डोक्यात नंतर पाणी साठू लागते. मग ‘शंट’ बसवावा लागतो: मेंदूतले जादा पाणी कातडीखालून पोटात सोडणारी, झडप असलेली बारीक नळी. उत्तर प्रदेशात शाहजहांपूरला तयार होणारा छाब्रा शंट परदेशी शंटच्या मानाने फार स्वस्त. युगांडात १९५ मुलांमध्ये दोन्हींची तुलना झाली, तेव्हा वर्षभरात तो महागड्या शंटच्या बरोबरीने टिकला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, २६ आठवड्यांच्या आत बाळ पोटात असतानाच पाठ बंद केल्यास शंटची गरज निम्म्यावर येते, असे दिसले. पण त्यात मूल दिवस भरण्याआधी जन्मण्याचा आणि आईच्या गर्भाशयाला इजा होण्याचा धोका वाढतो.

झाकलेला दोष फसवा असतो. वर धड कातडी असते. फक्त माकडहाडाच्या वर केसांचा झुपका, लालसर डाग, मऊ गाठ किंवा खोल खळगी. आत मज्जारज्जूचे टोक खाली अडकलेले असू शकते. मूल वाढते, हाडे लांबतात आणि अडकलेला रज्जू ताणला जातो. अंथरुणात लघवी करणे सुटलेले मूल पुन्हा करू लागते, एक पाऊल दुसऱ्याहून लहान राहते, एकच चप्पल झिजते. मायक्रोस्कोपखाली, नसांना सूक्ष्म विजेने तपासत, हे बंधन कापतात.

बाकाची गोष्ट आणखी वेगळी. अर्धा मणका म्हणजे भिंतीत घुसलेली पाचर. बाहेरून पट्टा कितीही आवळला तरी पाचरीचा आकार बदलत नाही. एका बाजूला हाडाची जोडपट्टी आणि समोर अर्धा मणका असेल, तर बाक सर्वांत झपाट्याने वाढतो. मूत्रपिंडे आणि हृदय त्याच आठवड्यांत घडत असल्याने आधी पोटाची सोनोग्राफी, हृदयाचा एको आणि कण्याचा एमआरआय होतो. अर्धा मणका काढल्याची नोंद १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातून झाली. आता तो बहुधा पाठीकडूनच काढतात आणि वरखालचे मणके स्क्रूंनी जवळ ओढतात. हे लहान वयात, बाक ताठर होण्याआधी केले की थोडेच मणके जखडावे लागतात.

बाक लांबवर पसरलेला असेल तेव्हा खरी अडचण. पूर्वी सगळा भाग लवकर जखडून टाकत. वाकड्या उंच पाठीपेक्षा सरळ ठेंगणी बरी, असा हिशेब होता. त्याची किंमत फुप्फुसांनी मोजली. पहिल्या पाच वर्षांत धडाचा कणा साधारण दहा सेंटिमीटर वाढतो. तो थांबला की छातीचा पिंजराही थांबतो. म्हणून वाढत्या सळया आल्या: दर सहा महिन्यांनी पुन्हा भूल देऊन लांबवायच्या. चुंबकी सळई बाहेरून यंत्राने लांबते, मात्र किंमत आवाक्याबाहेरची. शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूला धक्का लागतो का, हे आता विजेच्या लहरींवर पाहतात. पूर्वी रुग्णाला अर्ध्यात जागे करून पायाची बोटे हलवायला सांगत!

अशा बाळाला न्यायचे कुठे? खारेपाटणसारख्या सिंधुदुर्गाच्या वेशीवरच्या गावातून महामार्ग दोन दिशांना जातो. दक्षिणेला ओरोसचे जिल्हा रुग्णालय आणि पुढे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. उत्तरेला मुंबई, जिथे परळचे वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मज्जारज्जूच्या नळीचे दोष जन्मतः तपासायच्या यादीत आहेत. त्यासाठी यंत्र लागत नाही. घरभेटीला आलेल्या आशाताईने बाळाला पालथे करून पाठ पाहिली तरी पुरते.

नळीचे हे दोष टाळायला मदत करणाऱ्या फोलिक अ‍ॅसिडचे मात्र गणित चुकते. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत, आधी असे मूल झालेल्या बायकांमध्ये या गोळीने पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. तिथे मात्रा ४ मिलिग्रॅम होती. इतरांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. पण गोळी गर्भ राहण्याआधीपासून हवी, आणि आपल्याकडे ती बहुधा नाव नोंदवल्यावर हातात पडते.

घरी आल्यावर स्पायना बिफिडाच्या अनेक मुलांची लघवी दिवसातून चार-पाचदा स्वच्छ नळीने काढावी लागते. आया हे काही दिवसांत शिकतात. शंट असलेल्या मुलाला उलट्या आणि सुस्ती एकदम सुरू झाली, तर गावातल्या डॉक्टरने आधी पोटाचे औषध न देता शंट तुंबल्याचा संशय धरावा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे.