कंबर भरली, की कणा आखडला?



संत्र्याचे क्रेट उचलून, पाठीवर फवारणीचा पंप वागवून कंबर भरते, हे शेंदूरजनाघाटच्या बागाइतदाराला सांगायला नको. असे दुखणे विश्रांतीने उतरते. पण पंचविशीतल्या मुलाची किंवा सुनेची कंबर तीन महिन्यांहून अधिक दुखत असेल, पहाटे दुखण्याने जाग येत असेल, सकाळी पाठ ताठ राहून कामाला लागल्यावर मोकळी होत असेल, तर त्यांना आळशी म्हणू नका. तो मणक्यांचा संधिवात असू शकतो.

हा रोग सर्व मुलखांत सारखा नाही. १९७३ साली त्याचा संबंध एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेशी असल्याचे आढळले. कॅनडातील हैदा आदिवासींत सुमारे निम्म्यांत ही खूण सापडते. जपानात शंभरात एकातही नाही. भारत या दोहोंच्या मध्ये येतो. परक्या मुलखाचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणूनच डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी सुरू केलेल्या सांधेदुखीच्या पाहणीचे मोल मोठे.

मात्र खूण म्हणजे रोग नव्हे. जंबेरी खुंटावरचे प्रत्येक झाड डिंक्याने वाळत नाही. तसेच खूण असलेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही.

दुर्लक्ष झाल्यास मणके एकमेकांना जुळून कणा वाकू शकतो. तेव्हा मनाने गोळ्या घेऊ नका, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. विडी सोडा, सांगितलेला व्यायाम रोज करा. डोळा लाल होऊन दुखला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.