'चेक इंजिन'चा दिवा विझतच नाही? पार्ट बदलण्याआधी कोड वाचा

नागपूरच्या दवाखान्यात तारीख आहे म्हणून पहाटे पाचला यवतमाळहून निघालात. कळंब मागे पडलं आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी नीट चालतेय, आवाजही नाही. थांबायचं की पुढे जायचं? आणि गॅरेजमधून आल्यावर आठवडाभरात तोच दिवा पुन्हा लागला तर? समजून घेऊया सोप्या भाषेत.

आधी दिव्याचा रंग आणि वागणं बघा

दिवा पिवळा आणि स्थिर असेल, गाडीची ताकद कमी झाली नसेल, तर घाबरू नका. वेग बेताचा ठेवून प्रवास पूर्ण करता येतो. पण त्याच आठवड्यात तपासणी करा.

पिवळा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही, ते तसंच सायलेन्सरकडे जातं आणि तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. हा महागडा भाग त्यामुळे वितळू शकतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी थांबा. वाळलेल्या गवतावर किंवा काडीकचऱ्यावर मात्र गाडी उभी करू नका, खालचा भाग प्रचंड तापलेला असतो.

ऑइल किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. इथे 'पुढच्या गावापर्यंत' हा हिशेब चालत नाही.

दिवा नेमकं काय सांगतो?

हा दिवा मुळात प्रदूषण नियंत्रणासाठी आहे. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, सेन्सरकडून येणारी माहिती सतत तपासतो. धूर वाढवणारा बिघाड दिसला की कोड साठवतो आणि दिवा लावतो. या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचं झालं. भारतात बीएस-४ गाड्यांमध्ये २०१० पासून ओबीडी आलं, २०१३ पासून ओबीडी-२. १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ लागू झाल्यावर आणि २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आल्यावर ही नजर आणखी कडक झाली.

कोड वाचायचा कसा?

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आसपासही मिळतो आणि मोबाइल अ‍ॅपवर कोड दिसतो. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. त्यापुढे ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, १ असेल तर बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा.

कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' जरूर बघा. बिघाड नोंदला गेला तेव्हा वेग, आरपीएम, तापमान किती होतं, ते त्यात असतं. दोन्हींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कोड म्हणजे निदान नव्हे

खरी गफलत इथेच होते. आमच्या घरच्या गाडीत पी०१३५ हा कोड आला. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलला, चार दिवसांत दिवा परत हजर. कोडने बोट दाखवलं होतं सेन्सरच्या हीटरच्या सर्किटकडे. सर्किटमध्ये वायर आणि फ्यूजही येतात. शेवटी उंदराने कुरतडलेली वायर सापडली.

नेहमी दिसणारे काही कोड असे:

- पी०३०१ ते पी०३०४: त्या-त्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दुसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावून बघा. पी०३०२ चा पी०३०३ झाला, तर दोष कॉइलचा. ही चाचणी फुकट आहे.
- पी०१७१: हवा जास्त, इंधन कमी. फाटलेला होस, मळलेला एअर फ्लो सेन्सर किंवा कमी पडणारा इंधन दाब. वणी भागात कोळशाच्या धुळीतून रोजची ये-जा असेल, तर एअर फिल्टर आणि त्याचं झाकण आधी बघा.
- पी०४२०: कन्व्हर्टर नीट काम करत नाही. तो बदलण्याआधी एक्झॉस्टमधली गळती आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर तपासा.
- पी२००२: डिझेल गाडीचा डीपीएफ. रोज घर ते दत्त चौक एवढंच फिरणं असेल, तर फिल्टरमधली काजळी जळायला पुरेशी उष्णता मिळत नाही. दिवा लागण्याआधीच अधूनमधून हायवेवर एकसलग फेरी मारलेली बरी.

'पेट्रोलचं झाकण घट्ट करा' हा सल्ला किती खरा?

इंटरनेटवर पहिला सल्ला हाच मिळतो. अमेरिकेत पेट्रोलच्या वाफेची गळती तपासणं गाड्यांना सक्तीचं आहे, त्यामुळे सैल झाकणानेही दिवा लागतो. आपले नियम युरोपच्या धर्तीवर आहेत. इथल्या बऱ्याच गाड्यांत ही गळती तपासलीच जात नाही. झाकण बघा, पण तिथेच थांबू नका.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवावा का?

नाही. दिवा विझतो, पण कोड आणि फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे पुरावाच जातो. बिघाड तसाच राहतो आणि दिवा परत येतो. खरी दुरुस्ती झाली असेल, तर साधारणपणे सलग तीन फेऱ्या बिनदोष गेल्यावर दिवा आपोआप विझतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर लगेच विझला नाही म्हणून काम फसलं असं समजू नका.

जुनी गाडी घेतानाही हे लक्षात ठेवा. स्कॅनरवर कोड एकही नाही, पण बऱ्याच चाचण्या 'नॉट रेडी' दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसले असण्याची शक्यता आहे. गाडी चार-पाच दिवस चालवून पुन्हा स्कॅन केल्याशिवाय पैसे देऊ नका. इसारही नाही. पीयूसी चालू आहे एवढ्यावरही भरवसा नको. त्यात सायलेन्सरमधून निघणारा धूर मोजतात, साठलेले कोड नाही.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

तीनच प्रश्न: कोड कोणता आला? हा पार्ट खराब आहे हे कोणत्या चाचणीतून कळलं? जुना पार्ट परत मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर पार्ट बदलायची घाई करू नका.